इंटरनॅशनल लॉचा पेपर कसा अभ्यासायचा: मार्सेय, दादरा-नगर हवेली आणि जाधव केसवरून

प्रश्न थोडक्यात असा आहे: बीए मराठी माध्यमातून झालेली, आता तीन वर्षांच्या एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी विचारतेय की पब्लिक इंटरनॅशनल लॉचा पेपर आहे, वर्गात सांगितलं गाईड वाचा पास व्हाल, तिला विषय मनापासून आवडतोय पण इंग्रजी निकाल झेपत नाहीत, आणि आजूबाजूचे म्हणतात की याला पोलीस नाही कोर्टाचा बेलीफ नाही, हा कायदाच नाही. मग अभ्यास कसा करायचा आणि यात एलएलएम करून पुढे काही आहे का.

मी मुंबई हायकोर्टात ॲडमिरल्टीची, म्हणजे जहाजांच्या दाव्यांची प्रॅक्टिस करते, बावीस वर्षं झाली, आणि त्यातली बरीच वर्षं व्हिजिटिंग म्हणून हाच पेपर शिकवलाय. तुला अगं-तुगं करते, चालेल ना. आणि हो, पब्लिक इंटरनॅशनल लॉचं लघुरूप होत असलं तरी मी याला पीआयएल म्हणणार नाही कारण आपल्याकडे पीआयएल म्हटलं की जनहित याचिकाच डोळ्यासमोर येते, दरवर्षी दोन-तीन मुलं पहिल्या लेक्चरला तेच समजून बसलेली असतात.

आधी त्या "कायदाच नाही" बद्दल. एम. व्ही. एलिझाबेथ म्हणून सुप्रीम कोर्टाचा १९९२ चा निकाल आहे, निकालांच्या छापील रिपोर्टमध्ये १९९३ चा म्हणून सापडेल. वास्कोच्या एका कंपनीचा माल घेऊन हे परदेशी जहाज मुरगाव बंदरातून निघून गेलं, नंतर विशाखापट्टणमला आलं तेव्हा कंपनीने ते अटकवलं. जहाजवाले म्हणाले की तुमच्या हायकोर्टांची ॲडमिरल्टीची पॉवर १८६१ च्या इंग्लिश कायद्यावरून आलीये आणि त्यात बंदरात येणाऱ्या मालाचं लिहिलंय, बाहेर जाणाऱ्याचं नाही, आणि जहाज अटकवण्याबद्दलचे आंतरराष्ट्रीय करार तर भारताने स्वीकारलेलेच नाहीत. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की करार स्वीकारले नसले तरी त्यातली तत्त्वं समुद्री व्यवहारात सर्वमान्य झालीयेत, आमची कोर्टं ती वापरू शकतात. २०१७ मध्ये आपला स्वतःचा ॲडमिरल्टी कायदा झाला, तोपर्यंत आमची सगळी प्रॅक्टिस बऱ्याच अंशी या निकालावर उभी होती. तेव्हा जो कायदा नाहीच असं लोक म्हणतात त्याच्यावर माझं घर चाललंय गं, आणि गोव्यातल्या त्या कंपनीला दाद मागायची जागाही त्यानेच मिळाली.

आता अभ्यास. गाईडमध्ये पहिलं प्रकरण असतं व्याख्या, दुसरं स्वरूप, तिसरं उगमस्थानं, आणि मुलं तिथेच कंटाळतात. मी वर्गात उलटं करते, तीन केसेसपासून सुरुवात करते, तिन्हींचा आपल्या मातीशी संबंध आहे म्हणून गोष्ट आधीच अर्धी माहीत असते, आणि प्रत्येक केसला एकच प्रश्न विचारायला लावते: हा नियम आला कुठून, आणि समोरच्या देशाने तो मान्य केलाय का? या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता अख्खा सिलॅबस होतो.

पहिली सावरकरांची. ८ जुलै १९१० ला मार्सेयच्या बंदरात त्यांनी बोटीतून उडी मारली हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं, पण पुढे काय झालं ते फार थोड्यांना माहीत असतं. किनाऱ्यावर फ्रेंच पोलिसाने पकडलं आणि परत ब्रिटिशांच्या ताब्यात दिलं. मग फ्रान्स म्हणायला लागला की आमच्या भूमीवरून माणूस नेलात, तो परत करा. दोन्ही देशांनी करार करून हा वाद हेगच्या परमनंट कोर्ट ऑफ आर्बिट्रेशनकडे नेला, पाच जणांचं ट्रिब्युनल बसलं आणि २४ फेब्रुवारी १९११ ला निवाडा आला. निवाडा असा की पकडून ताब्यात देण्यात अनियमितता झाली हे खरं, पण ब्रिटिशांनी ना बळ वापरलं ना फसवणूक केली, फ्रान्सच्याच माणसाने दिलं, आणि अशा चुकीमुळे कैदी परत केलाच पाहिजे असा आंतरराष्ट्रीय कायद्यात नियम नाही.

हे वाचताना राग येतो, मला अजूनही येतो. पण त्या रागातच बघ किती गोष्टी शिकता येतात. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न तो माणूस या वादात पक्षकारच नव्हता, वाद फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये, आणि निवाडा येईपर्यंत मुंबईत त्यांना शिक्षा झालेलीही होती. म्हणजे आंतरराष्ट्रीय कायद्यात "व्यक्ती" कोण, देश की माणूस, हे जे सिलॅबसमध्ये रुक्षपणे येतं ते इथे जिवंत दिसतं. दुसरं, पोलिसाने केलेली चूक ही देशाची चूक धरायची का, हा स्टेट रिस्पॉन्सिबिलिटीचा प्रश्न, त्यावर युनोच्या इंटरनॅशनल लॉ कमिशनने २००१ मध्ये नियम लिहून पूर्ण केले, ते घेऊन बस आणि १९११ चा निवाडा आज कसा लागला असता ते दोन पानांत लिही. मी ही असाइनमेंट दरवर्षी देते आणि गाईड वाचून ती लिहिताच येत नाही. निवाडा छोटा आहे, थोड्याच पानांचा, त्यामुळे इंग्रजीची भीती मोडायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

दुसरी माझी सगळ्यात लाडकी, राईट ऑफ पॅसेज, पोर्तुगाल विरुद्ध भारत. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांकडून मुक्त झालं, त्यांच्या दमणहून तिकडे जायचं तर मधे भारताची जमीन, भारताने पोर्तुगीजांना जाऊ देणं बंद केलं. पोर्तुगाल डिसेंबर १९५५ मध्ये युनोचा सभासद झाला, १९ डिसेंबरला हेगच्या इंटरनॅशनल कोर्टाचं (देशांमधले वाद ऐकणारं युनोचं न्यायालय) कार्यक्षेत्र मान्य असल्याचं डिक्लरेशन दिलं आणि तिसऱ्या दिवशी, २२ तारखेला, भारतावर केस टाकली. इतकी घाई योग्य का यावरही भारताने हरकत घेतली होती, १९५७ मध्ये ती फेटाळली गेली. ज्युरिसडिक्शन, म्हणजे कोर्टाचं कार्यक्षेत्र, हा विषय यापेक्षा चांगला कुठेच समजत नाही, की इथे कोर्टात ओढता येतं ते फक्त ज्याने आधी हो म्हटलंय त्याला, आणि ते "हो" किती जपून लिहायचं असतं. भारताचं आत्ताचं डिक्लरेशन २०१९ चं आहे, ते काढून वाच, किती अपवाद टाकलेत बघ, मग आपलं विमान भारताने पाडलं म्हणून पाकिस्तानने १९९९ मध्ये टाकलेली केस कोर्टाने २००० साली का ऐकली नाही तेही कळेल (तेव्हाच्या, १९७४ च्या डिक्लरेशनमध्ये कॉमनवेल्थ देशांमधले वाद वगळलेले होते).

पण या केसचा गाभा वेगळा आहे. पोर्तुगाल म्हणालं की १७७९ चा पुण्याचा तह आणि नंतरच्या पेशव्यांच्या सनदा, त्यांनी आम्हाला ही गावं सार्वभौमत्वासकट दिली. भारताने म्हटलं छे, दिला तो फक्त महसूल. आणि मग हेगच्या कोर्टाच्या निकालात सनद, जागीर, सरंजाम हे शब्द येतात, आपण इतिहासात वाचलेले. कोर्टाने सरंजामच मानला, मराठ्यांनी सार्वभौमत्व दिलं नव्हतं, पण पुढे ब्रिटिशांनी पोर्तुगीजांचा ताबा मान्य केला आणि स्वतंत्र भारतानेही तसंच चालू ठेवलं. मराठी माध्यमातून आलीस म्हणून वाईट वाटून घेतेस ना, तर सरंजाम म्हणजे काय हे समजायला परदेशी जजना वकिलांकडून ऐकावं लागलं, तुला ते आधीच माहीत आहे.

आता रस्त्याचा हक्क. हा मी शेतातल्या वहिवाटीवरून शिकवते. तुझ्या गावाकडे शेत असेल तर माहीत असेल, शेजाऱ्याच्या बांधावरून पिढ्यान् पिढ्या बैलगाडी जातेय, कुणी कधी अडवलं नाही, तो म्हणतो तुझा रस्ताच आहे, मग एक दिवस त्याने काटे टाकले तर आपण मामलेदार कोर्ट ॲक्टखाली तहसीलदाराकडे जातो. पण तेच जर दर वेळी "दादा, आज ट्रॅक्टर नेऊ का" असं विचारून नेत असू आणि तो कधी हो कधी नाही म्हणत असेल, तर ती वहिवाट नाही, ती त्याची मेहेरबानी. कोर्टाने अगदी हेच केलं. खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांची ये-जा सव्वाशेहून जास्त वर्षं बिनबोभाट चालू होती, म्हणून तेवढ्यापुरता दोन देशांमधला स्थानिक रूढीचा हक्क आहे, अकरा विरुद्ध चार मतांनी. पण सैन्य, सशस्त्र पोलीस, हत्यारं यांना ब्रिटिश काळात परवानगी घ्यावी लागायची, म्हणून त्यांचा हक्क नाही, आठ विरुद्ध सात. आणि १९५४ ची तणावाची परिस्थिती बघता भारताने वागण्यात चूक केली नाही, नऊ विरुद्ध सहा. १२ एप्रिल १९६० चा निकाल. भारताकडून ॲटर्नी जनरल सेटलवाड उभे होते आणि भारताने नेमलेले ॲड हॉक जज, म्हणजे त्या एका केसपुरते जज, होते आपल्या मुंबई हायकोर्टाचे एम. सी. छागला.

ओपिनिओ ज्युरिस ओपिनिओ ज्युरिस म्हणून मुलं घोकतात, रूढीचे दोन भाग, आचरण आणि बंधनाची जाणीव, पाच मार्क. पण "परवानगी मागितली की हक्क राहत नाही" हे बांधावरून एकदा कळलं की नंतर नॉर्थ सी, असायलम, निकाराग्वा या रूढीवरच्या मोठ्या केसेस सोप्या जातात, कारण सगळीकडे कोर्ट तेच शोधत असतं की हे देश असं वागले ते सोयीने, सौजन्याने, की असंच वागायला बांधील आहोत म्हणून. कायदा सोपा करून सांगायचा म्हणून मी हे गावाकडे नेत नाहीये, खरंच विचाराची पद्धत तीच आहे.

तिसरी कुलभूषण जाधव. बातम्यांत सगळ्यांनी ऐकलीये, वाचलेली जवळजवळ कुणीच नसते. पाकिस्तानच्या लष्करी कोर्टाने एप्रिल २०१७ मध्ये फाशी सुनावली, भारत ८ मे ला हेगला गेला, १८ मे ला कोर्टाने सांगितलं की अंतिम निकालापर्यंत फाशी देऊ नका, आणि दिली गेली नाही. पोलीस नाही म्हणणाऱ्यांना ही तारीख सांग. १७ जुलै २०१९ चा निकाल पंधरा विरुद्ध एक. आपले नागपूरचे हरीश साळवे भारताकडून होते, त्यांनी एक रुपया फी घेतली हे सगळ्यांना पाठ असतं, पण त्यांनी केस कशावर उभी केली ते विचारलं की वर्ग गप्प. ती उभी होती १९६३ च्या व्हिएन्ना कॉन्स्युलर करारातल्या कलम ३६ वर, की परदेशी माणसाला पकडलं की त्याला त्याचे हक्क सांगा, त्याच्या वकिलातीला कळवा, भेटू द्या. का एवढंच? कारण या कराराला जोडलेल्या ऑप्शनल प्रोटोकॉलमध्ये दोन्ही देशांनी कोर्टाला हो म्हटलेलं होतं, दुसरा दरवाजा उघडा नव्हता. पाकिस्तान म्हणालं हेरांना हे कलम लागू नाही आणि आपला २००८ चा वेगळा करार आहे, कोर्टाने दोन्ही नाकारलं. पण भारताने शिक्षा रद्द करून सुटका मागितली होती ती मिळाली नाही, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा असा आदेश मिळाला, जसा आधी लाग्रांड आणि अवेना या अमेरिकेविरुद्धच्या केसेसमध्ये मिळाला होता. टीव्हीवर सगळीकडे "भारत जिंकला" होतं आणि ते बरोबरच होतं, पण वकिलाने शेवटचा परिच्छेद वाचायचा असतो, काय मागितलं आणि काय मिळालं.

म्हणून इंग्रजी निकाल वाचायची माझी पद्धत सांगते. आधी कोर्टाच्या वेबसाईटवर त्या निकालाचा सारांश असतो तो वाच. मग निकाल उघडून थेट शेवटी जा, जिथे मतं मोजलेली असतात. मग मागे येऊन दोन्ही देशांच्या मागण्या. मग ज्युरिसडिक्शन. मग बाकीचं. छापील रिपोर्टची पीडीएफ बघून घाबरू नकोस, एका बाजूला फ्रेंच एका बाजूला इंग्रजी असतं, तुझी पानं निम्मीच. वेगळी मतं, डिसेंट वगैरे पहिल्या वाचनात सोड. प्रत्येक परिच्छेदाशेजारी मराठीत एक ओळ लिही, बोलतेस तसं, "इथे पाकिस्तान म्हणतंय हेराला लागू नाही", असं. शंभर परिच्छेद झाले की शंभर ओळी, त्याच तुझ्या नोट्स. लॅटिन शब्द दहा-पंधराच आहेत, ते आपोआप बसतात. माझ्याकडची सोलापूरकडची एक मुलगी अशा वह्या भरायची, पहिल्या टर्मला तिला एक निकाल वाचायला तीन आठवडे लागले, वर्षाच्या शेवटी ती एका रविवारात वाचायला लागली. शिवाय युनोची ऑडिओव्हिज्युअल लायब्ररी आहे, मोठमोठ्या लोकांची लेक्चर्स फुकट, स्पीड कमी करून ऐक.

परीक्षेसाठी एक गोष्ट जास्तीची कर, प्रत्येक टॉपिकला भारत कुठे उभा आहे ते लिही, बहुतेक उत्तरांत ते नसतं आणि पेपर तपासताना ते दिसलं की मला लगेच कळतं की पोरीने वाचलंय. ट्रीटी लॉवर, म्हणजे करारांच्या कायद्यावर, लिहिताना त्याबद्दलच्या १९६९ च्या व्हिएन्ना कराराचा (वरचा १९६३ चा वेगळा) भारत सभासद नाही तरी त्यातले बरेच नियम रूढी म्हणून चालतात हे लिही. १९५१ चा निर्वासितांचा करार, रोम स्टॅच्यूट (आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा करार), यात भारत नाही. टॉर्चरविरोधी करारावर १९९७ मध्ये सही आहे, रॅटिफिकेशन, म्हणजे बंधनकारक म्हणून पक्की मान्यता, नाही. समुद्री कायद्याचा करार १९९५ मध्ये रॅटिफाय केलाय. आणि घरातला भाग, घटनेचं कलम ५१ (आंतरराष्ट्रीय कायद्याचा आदर) आणि २५३ (करार अमलात आणायला संसदेचे कायदे), आणि विशाखा निकाल १९९७ चा, जिथे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल कायदा नव्हता तेव्हा सुप्रीम कोर्टाने स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाबद्दलच्या सीडॉ कराराचा आधार घेऊन मार्गदर्शक तत्त्वं दिली. ऑफिसात काम करणाऱ्या प्रत्येक बाईपर्यंत आंतरराष्ट्रीय कायदा पोचला तो असा, हे परीक्षेपुरतं नको, कायमचं लक्षात ठेव.

पुढे काय आहे, याबद्दल खरं सांगते कारण यात खोटी आशा दाखवून मुलांचे पैसे गेलेले मी पाहिलेत. हेगला किंवा जिनिव्हाला युनोत नोकरी, या जागा अगदी थोड्या आणि जगभरातून अर्ज. परराष्ट्र मंत्रालयाचा लीगल अँड ट्रीटीज विभाग आहे, तिथेही जागा मोजक्याच. परदेशातलं एलएलएम स्कॉलरशिपशिवाय कर्ज काढून फक्त या विषयासाठी करू नकोस, माझं स्पष्ट मत आहे. पण हा विषय ज्यांना खरंच येतो त्यांना लागणारं काम आपल्याकडेच आहे, ते "इंटरनॅशनल लॉ" अशी पाटी लावून येत नाही एवढंच. प्रत्यर्पण, परदेशात अडकलेली माणसं, गुंतवणूक करारांखालची आर्बिट्रेशन, निर्वासितांच्या केसेस, डब्ल्यूटीओ, जहाजं. कोकणातली कितीतरी मुलं बोटीवर असतात, परदेशी बंदरात बोट अडकली की घरचे लोक एखाद्या वकिलाकडे येतात आणि त्या वकिलाला कलम ३६ माहीत नसतं. मी अशी आई पाहिलीये, रत्नागिरीहून एसटीने आलेली, हातात मुलाच्या सीडीसीची, म्हणजे खलाशाच्या नोंदवहीची, झेरॉक्स, आणि तिला आधीच्या दोन ठिकाणी सांगितलं होतं की परदेशातली केस आहे, इथून काही होत नाही. होतं. वकिलातीला काय लिहायचं, कुठल्या कराराचं कलम लिहायचं, जहाजाचा झेंडा कुठल्या देशाचा, मग कुणाकडे तक्रार करायची, हे सगळं याच पेपरात आहे.

मूट कोर्टाचं, म्हणजे सरावाच्या लुटुपुटूच्या खटल्यांचं, विचारलं नाहीस पण सांगते. जेसपला, म्हणजे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या मूट स्पर्धेला, तुझ्या कॉलेजची टीम जात असेल तर संशोधनाला का होईना घुस. नसेल जात तर मैत्रिणीला घे, सावरकर केसमध्ये एकीने फ्रान्स एकीने ब्रिटन, पाच-पाच पानं लिहा, मराठीत लिहिलीत तरी चालेल, मग बाजू बदला. फ्रान्सकडून लिहिताना सोपं जाईल, ब्रिटनकडून लिहिताना हात जड होईल, ते काम पूर्ण करच.

एलएलएमचा निर्णय आत्ता घेऊ नकोस. आधी सावरकरांचा निवाडा, मग राईट ऑफ पॅसेज, मग जाधव, या क्रमाने वाच, दिवाळीच्या सुट्टीत तिन्ही होतील. राईट ऑफ पॅसेजमध्ये १९५७ चा निकाल वेगळा आणि १९६० चा वेगळा आहे, बरीच मुलं चुकून पहिलाच उघडून बसतात आणि सरंजाम कुठे आहे म्हणून शोधत राहतात, तो १९६० च्या निकालात आहे. अडलं तर परिच्छेदाचा नंबर लिहून विचार.